गडग्यावर वाळत घातलेला वेताळ

वाळवीला वाचनाची आवड नसते असं कुणी म्हणालं, तर त्याला मी माझ्या कपाटाचा खालचा खण दाखवीन. वरच्या खणातल्या जाडजूड समीक्षाग्रंथांना तिनं तोंडही लावलं नव्हतं. खालच्या खणातल्या कॉमिक्सना मात्र तिनं मुखपृष्ठापासून सुरुवात केली होती आणि एका बॅटमनचा डावा कान संपवून ती तिसऱ्या पानावर पोचली होती. मग काय, सगळा खण उपसला, पुस्तकं झटकली आणि आमच्या नि शेजारच्या वयनींच्या आवारामधे जो चिऱ्याचा गडगा आहे, त्यावर ओळीनं उन्हात मांडली. वाऱ्यानं पानं फडफडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक खडा. मोजून ४३.

हा गडगा जेमतेम कमरेएवढा. मे महिन्यात त्याच्या अर्ध्या भागावर वयनींची सोलं वाळतात, उरलेल्या अर्ध्यावर माझे सांडगे. मी मिरजेकडची, लग्न होऊन कुडाळात आले त्या वर्षीपासूनचा हा करार आहे. कागदावर कुठं नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. त्यामुळे सांडग्यांच्या जागी रंगीबेरंगी पुस्तकं दिसल्यावर वयनी दोन मिनिटांत हजर.

"गो बाय, ह्यां काय दुकान मांडलंस?"

"दुकान कसलं वयनी, वाळवी लागली."

वयनींनी एक पुस्तक उचललं, खडा बाजूला ठेवला, चार पानं उलटली. "ही तर पोरांची. तुझ्याकडे पोरां खंय असत?"

"पोरांची नाहीत. माझी आहेत."

लग्नानंतर पहिल्यांदा मी बांगड्याचे काटे काढून द्या म्हणाले होते, तेव्हा वयनींनी माझ्याकडे जसं बघितलं होतं, तसंच बघितलं.

आता ही शंका काही एकट्या वयनींची नाही. चित्रं आणि फुगे दिसले की पुस्तक पोरांचं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. मी त्यांना म्हटलं, वयनी, कॉमिक हा पदार्थ नाही, ते भांडं आहे. वाटीत खीर पण वाढतात आणि काढा पण. या ४३ पुस्तकांत पोरांची असतील दहा-बारा. बाकीच्यांत युद्ध आहे, तुरुंग आहे, चोरटं प्रेम आहे, म्हाताऱ्या आईबापांचं करणं आहे, स्वयंपाक आहे. शेवटचा शब्द त्यांनी बरोबर पकडला.

"स्वयंपाक? दाखव बघू."

'ओइशिन्बो' नावाची जपानी मालिका आहे, १९८३ पासूनची. शंभराहून अधिक खंड निघाले तिचे, आणि सगळे खाण्यावर. भात कसा शिजवावा, मासा कसा चिरावा, यावरून बाप आणि मुलगा एकमेकांचं तोंड बघत नाहीत अशी कथा. माझ्याकडे त्यातला एकच खंड आहे. वयनींनी कच्च्या माशाचं चित्र पाहिलं, "शिजयनत नाय ते?" म्हणाल्या आणि पुस्तक खाली ठेवलं. त्या घरात सुरमई कढीत पडली की आठवड्याची चर्चा होते, पण कच्चा मासा म्हणजे अतीच झालं.

इथंच माझी पहिली चूक झाली. विषय जुळला म्हणून पुस्तक जुळेल असं नसतं. स्थळ बघताना आपण नुसतं गोत्र आणि पगार बघतो का? मुलीला हसायला आवडतं का, मुलाकडची माणसं जेवताना बोलतात का, हेही विचारतोच ना? पुस्तकाचंही तेच. "विज्ञानकथा आवडते? मग हे घे" ही शिफारस नव्हे, ती दुकानातली पाटी झाली.

दुसरी चूक मी लगेच केली. 'माउस' त्यांच्या हातात दिलं.

"उंदीर? काल रात्री माझो अर्धो सुरण खाल्ल्यानी ह्यांनी. माका नको."

पण मी सोडलं नाही. गडग्यावर कोपर टेकून सांगायला लागले. आर्ट स्पिगलमन नावाचा अमेरिकेतला चित्रकार. त्याचे आईबाप पोलंडमधले ज्यू, हिटलरच्या छळछावणीतून वाचलेले. मुलगा बापाकडे जाऊन बसतो, त्याच्याकडून सगळं काढून घेतो आणि चित्रांत मांडतो. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं, पोलिश लोक म्हणजे डुकरं. पहिला भाग १९८६ चा, दुसरा १९९१ चा, आणि १९९२ मध्ये पुलित्झरवाल्यांनी त्याला खास पारितोषिक दिलं. चित्रकादंबरीला असं काही मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि गंमत बघा, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शालेय मंडळानं ते अभ्यासक्रमातून काढलं, तर लोक ते धडाधड विकत घ्यायला लागले.

हे सगळं ऐकताना वयनी सोलं पालथी घालत होत्या. पण जेव्हा मी सांगितलं, की एवढ्या नरकातून वाचलेला तो बाप म्हातारपणी इतका चिकट झालाय की अर्धं खाल्लेलं धान्याचं खोकं दुकानात परत द्यायला जातो आणि सून लाजेनं मरते, तेव्हा त्यांचा हात थांबला.

"माझो सासरो असोच होतो. सुतळी जमवी. मेल्यावर खोलीभर सुतळी गावली."

तर 'माउस' हे असं आहे. छळछावणीची गोष्ट म्हणून उघडतो आणि घरातल्या म्हाताऱ्याची गोष्ट म्हणून मिटतो. माझ्या मते या ४३ मधलं ते सर्वांत मोठं पुस्तक. पण पहिलं पुस्तक म्हणून कुणाला देऊ नये. पोहायला शिकवताना माणसाला कोणी थेट डोहात ढकलत नाही.

एवढ्यात भाऊजी पडवीतून उतरले. भाऊजी म्हणजे वयनींचे यजमान. ते कुणाशी फार बोलत नाहीत. गडग्याच्या टोकाशी थांबले, वाकले, आणि दोन पातळ, पिवळी पडलेली पुस्तकं त्यांनी अशी उचलली की जणू हरवलेला जुना सोबती दिसला.

"वेताळ," ते म्हणाले. बस, एवढंच.

मग हळूहळू निघालं. भाऊजी १९६९ साली वेंगुर्ल्याहून बोटीनं मुंबईला गेले, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. परळला गावकऱ्यांच्या खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे. तिथं कोणीतरी रद्दीतून 'इंद्रजाल' आणायचा. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये ती मालिका सुरू केली, आणि पहिले ३२ अंक तर निव्वळ वेताळाचेच. मूळचा तो अमेरिकेतल्या ली फॉकचा फँटम, १९३६ सालचा. आपल्याकडे आला आणि वेताळ झाला. हे नाव ज्यानं सुचवलं त्याला माझा दंडवत. कोकणात तर गावोगावी वेताळाचं देऊळ, त्याच्या नावानं गाऱ्हाणं. खांबाला टेकून वाचणाऱ्या पोराला तो परका वाटणारच कसा!

"हातात कवटीची अंगठी," भाऊजी म्हणाले. "ठोसा मारल्यान की गालार निशाणी. जन्मभर जायत नाय."

मूळ कथांमधला त्याचा मुलूख होता 'बेंगाली'. तो बंगाल वाटेल म्हणून इंद्रजालवाल्यांनी त्याचं 'डेंकाली' केलं, हे मी सांगितल्यावर भाऊजी पहिल्यांदा हसले. आज तो वेताळ वाचताना मला काही गोष्टी खटकतात. काळ्या माणसांच्या जंगलात एकच गोरा राजा, पिढ्यान् पिढ्या, आणि सगळे त्याच्यापुढे वाकणार. तेव्हा कुणाला खटकलं नाही, हेही खरं. पण १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरतींनी आपला 'बहादूर' आणला. भगवा कुडता, निळी जीन, आणि समोर चंबळचे दरोडेखोर. माझा ओढा बहादूरकडे जास्त. आणि त्या आबिद सुरतींचं पुढचं ऐका. हा माणूस लेखक, चित्रकार, 'धर्मयुग'मधल्या ढब्बूजीचा बाप. पण २००७ पासून मीरा रोडच्या इमारतींमध्ये दर रविवारी प्लंबर घेऊन फिरायला लागला आणि लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायला लागला.

"आमच्याकडेय एक गळता," वयनी तत्परतेनं म्हणाल्या. "गेल्या चवथीपासून." आणि भाऊजींकडे बघितलं. भाऊजी वेताळात शिरले होते. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, भाऊजी गावी आले, पण इंद्रजाल १९९० पर्यंत चालू होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. गावी आल्यावर कोण आणून देणार?

ते दोन्ही अंक बगलेत मारून पडवीत गेले. विचारलं नाही, सांगितलं नाही. मीही काही बोलले नाही.

वयनी मात्र माझ्याकडे सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, पलीकडच्या वाड्यातल्या त्या माणसाकडे परवा रात्री पांढरी गाडी आली होती, आणि आज सकाळी त्याची बायको बॅग घेऊन एसटी स्टँडवर. "मधे काय झाला असतला?"

मी म्हटलं, वयनी, तुम्ही आत्ता जे केलंत ना, त्यालाच कॉमिक वाचणं म्हणतात.

खरंच सांगते. एका चौकटीत पांढरी गाडी. दुसऱ्या चौकटीत बायको आणि बॅग. मधे पांढरी पट्टी. त्या पट्टीत काहीच काढलेलं नसतं. तिथं जे घडतं ते वाचणाराच घडवतो. स्कॉट मॅक्लाउड नावाच्या चित्रकारानं १९९३ मध्ये 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' लिहिलं, म्हणजे काढलंच, कारण तो सिद्धान्तही त्यानं चित्रांतूनच मांडलाय. त्याचं म्हणणं, या माध्यमाची सगळी जादू त्या पट्टीत आहे. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, दुसरीत रात्रीच्या शहरावर उमटलेली किंकाळी. घाव कुठं बसला, हे चित्रकारानं दाखवलेलंच नाही. घाव घातलात तुम्ही! सिनेमा असं करू देत नाही, तो आपल्याला खुर्चीत बसवून सगळं दाखवून टाकतो. गडग्यावरच्या गप्पा आणि कॉमिक, दोन्हींचा धंदा एकच. दोन चौकटी बघायच्या आणि मधलं आपण भरायचं.

"पण माझा भरलेला खरा असता," वयनी म्हणाल्या. यावर मी काय बोलणार!

दुपार कलायला लागली तशी त्यांची नात उठली. डोंबिवलीची, दहावीला गेलेली, सुट्टीला आलेली. ती आली ती थेट जपानी पुस्तकाकडे, आणि ते मागून उघडून वाचायला लागली. वयनींना वाटलं पोरगी उलटं धरत्ये. तिनं आजीला समजावलं, की मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. मला म्हणाली, काकू, तुमच्याकडे फारच थोडं आहे, आणि फोनवर तीन मालिकांची नावं काढून दाखवली. आता शिफारस करायला आपण उभे राहायचं आणि पंधरा वर्षांच्या मुलीकडून आपणच शिफारशी घेऊन यायच्या, हा काळ आला आहे. बरं वाटलं. तिला मी 'बेअरफुट गेन'चं सांगितलं. त्याचा चित्रकार केइजी नाकाझावा ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात होता, सहा वर्षांचा, शाळेच्या दारात. शाळेची भिंत आड आली म्हणून वाचला. वडील, बहीण, भाऊ गेले. १९७३ पासून त्यानं ते सगळं काढलं, आणि तेही पोरांच्या साप्ताहिकात.

पण तिनं उचललं 'पर्सेपोलिस'. मार्जान सत्रापीचं, इराणमधल्या तिच्या लहानपणाचं. काळं आणि पांढरं, मधे करडासुद्धा नाही. पहिल्याच प्रकरणात १९८० साल आहे, शाळेत अचानक सगळ्या मुलींना डोक्यावर रुमाल बांधायला सांगितलाय, आणि मधल्या सुट्टीत पोरी त्याच रुमालाच्या दोऱ्या करून उड्या मारतायत. मी तिला एवढंच म्हटलं, आत छळाची पानं आहेत, शिव्या आहेत, रात्री झोपताना वाचू नकोस. हे सांगणं म्हणजे ती रात्रीच वाचणार याची खात्री, हे मला कळायला हवं होतं.

सुपरहीरोंचं काय, असं तुम्ही विचाराल. आहेत की. 'वॉचमेन' आहे, तो कानतुटका बॅटमन आहे. वाचावेत. पण जगातली सगळी कॉमिक्स म्हणजे चड्डी बाहेरून घातलेली माणसं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मी वेळ घालवणार नाही.

संध्याकाळी शाळेच्या कामावरून वयनींची सून आली. ती चित्रकला शिकवते. सासू आणि शेजारीण गडग्यावर दिसल्या की ती सहसा मागच्या दारानं आत जाते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पण आज ती थांबली. तिच्या हाताखाली जे पुस्तक आलं ते 'भीमायन'. तिनं पान उघडलं आणि पहिलं वाक्य असं, "काकू, ह्यात चौकटी कुठायत?"

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. २०११ मध्ये दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं हे काढलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, मध्य प्रदेशातले परधान गोंड कलावंत. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं म्हणे, की आम्ही आमच्या माणसांना चौकटीत कोंबणार नाही, त्यांचा जीव गुदमरतो. म्हणून सगळ्या पानावर त्यांच्या भिंतींवरच्या नक्षीचे, दिगण्याचे पट्टे नदीसारखे वाहतात आणि त्यातूनच पानाचे भाग पडतात. आणि फुगे बघ, मी तिला दाखवलं. जो गोड बोलतो त्याचं बोलणं पक्ष्याच्या आकारात. ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. इंग्रजी न वाचताही कळतं, या पानावर कोण डसतंय.

गोष्ट आपल्याला माहीत असलेली. १९०१ साल, लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालाय. मसूरच्या स्टेशनवर उतरतात, छान कपडे, डोक्यावर टोप्या. स्टेशनमास्तर आधी चौकशी करतो, जात कळल्यावर चेहरा बदलतो. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊनही गाडी हाकायला तयार नाही. पोरं स्वतः गाडी हाकतात, गाडीवाला बाजूनं चालतो. डब्यात जेवण आहे आणि रात्रभर प्यायला पाण्याचा थेंब नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. मग महाडचं तळं, बडोद्याची पारशी सराई. माझं माहेर मिरज, मसूर स्टेशनवरून मी शंभर वेळा गेले असेन, खिडकीतून भजी घेतली असतील. पुस्तक वाचल्यावर ते स्टेशन मला पूर्वीसारखं दिसत नाही.

सुनेनं एक पान उन्हाकडे धरलं. "मुलांना दाखवते, काकू. आमची मुलं चित्र काढायचं म्हटलं की आधी पट्टीनं चौकट आखतात." नवयाननंच जोतिबांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वरही असं एक पुस्तक केलंय, 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', तेही मागव म्हणून सांगितलं. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, हे ऐकून तिनं सासूकडे बघितलं. का बघितलं ते त्या दोघींनाच ठाऊक. मधली पांढरी पट्टी.

तेवढ्यात रस्त्यानं आमच्या वाडीतला दशावतारी निघाला होता, खांद्यावर पिशवी, रात्री कुठंतरी प्रयोग. लिहिलेली संहिता नसताना रात्रभर संवाद उभे करणारी ही माणसं. त्याला मी हाक मारून अमृता पाटीलचं 'सौप्तिक' दाखवलं. जन्म पुण्याचा, वाढली गोव्यात, आणि महाभारत सांगायला घेतलं तेव्हा पहिल्या पुस्तकात, 'आदि पर्व'मध्ये, गंगेला सूत्रधार केलं, आणि दुसऱ्यात अश्वत्थाम्याला. दशावताऱ्यानं चित्रं बराच वेळ बघितली. "अश्वत्थामा सूत्रधार? मगे त्याची जखम कोण सांगतलो?" असं म्हणाला आणि बस पकडायला गेला. आजवर या पुस्तकावर मी वाचलेल्या एकाही परीक्षणात हा प्रश्न नव्हता.

'ॲस्टेरिक्स' मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण ते कुणालाही देता येतं. इसवी सनापूर्वी ५०, सगळा गॉल रोमनांनी घेतलाय, फक्त एक गाव सोडून. गॉसिनीनं लिहिलं, उदेर्झोनं काढलं, १९५९ पासून. त्या गावातली माणसं शिळ्या मासळीवरून एकमेकांची डोकी फोडतात, आणि रोमन आले की एक होतात. हे गाव फ्रान्समध्ये आहे असं म्हणतात, मला तर ते मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधे कुठंतरी वाटतं. गावात एक बेसूर भाट आहे. मेजवानीच्या दिवशी त्याला तोंड बांधून झाडाला टांगतात. १९८७ च्या पुस्तकात तर हे लोक उडत्या सतरंजीवरून भारतात येतात, कारण इथं दुष्काळ पडलाय आणि या भाटानं गायला सुरुवात केली की हमखास पाऊस पडतो. इंग्रजीत अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज या दोघांनी नावांची अशी काही भाषांतरं केली आहेत की मूळ फ्रेंचनं हेवा करावा. मराठीत कोणी केलं तर त्या भाटाचं नाव 'बेसूरिक्स' ठेवावं, ही माझी सूचना फुकट घ्या. आमच्या वाडीतल्या एका भजनीबुवांना हे पुस्तक भेट द्यायचा विचार मी दोनदा केला आणि दोनदा शेजारधर्म आठवून सोडून दिला.

सगळ्यांना काही ना काही मिळालं आणि वयनी तशाच. दिवसभर उभ्या राहून, पोराबाळांना पुस्तकं वाटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माका काय ता तू दिलंसच नाय."

हे लागलं मला. कारण त्या चौथी शिकलेल्या, चष्म्याचा नंबर वाढलेला, आणि माझ्याकडचं बरंचसं इंग्रजीत. मराठीतलं म्हणावं तर अमर चित्रकथा आहेत. अनंत पै, कारकळचा कोकणी माणूस. १९६७ मध्ये दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा बघताना त्यांना दिसलं, की मुलांना ग्रीक देव ठाऊक आहेत पण रामाची आई कोण ते सांगता येत नाही. त्यातून ती मालिका निघाली. राम वाईरकरांनी त्यातला 'कृष्ण' काढला, आणि पुढं 'टिंकल'मधला सुपंडीही. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी शिवाजी काढला आणि नंतर हिंदीतला नागराजही. मराठी हातांनी सबंध देशाच्या मुलांना देव कसे दिसतात ते ठरवून दिलं, म्हणायला हरकत नाही. राक्षस मात्र नेहमी काळे आणि नायक गोरेपान, हे काही चांगलं ठरवलं नाही. पण वयनींना त्यातलं काय देणार? रामायण त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' त्या १९९१ मध्ये सुरू झाला तेव्हापासून पेपरात बघतच आल्यात.

मग खण आठवला. सगळ्यात तळाला होतं, मोठ्या आकाराचं, तपकिरी. शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं 'द अरायव्हल', २००६ चं. अख्ख्या पुस्तकात एक शब्द नाही.

वयनींनी ते गडग्यावर उघडलं. पहिल्या पानांवर एक माणूस बायकोपोरीचा फोटो कापडात गुंडाळून बॅगेत ठेवतोय. बॅगेवर त्याचा हात, त्यावर बायकोचा हात.

"चवथ झाल्यावर हे असेच ट्रंक भरीत," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले. बोट निघाली. माणूस कुठल्यातरी परक्या शहरात उतरला, जिथले प्राणी वेगळे, फळं वेगळी, आणि पाट्यांवरची लिपी कोणालाच न येणारी. ती चित्रकारानं मनानंच बनवली आहे, म्हणजे एमए झालेली मी आणि चौथी झालेल्या वयनी, दोघी त्या शहरात सारख्याच अडाणी. माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवायचं काम मिळतं आणि तो त्या उलट्या चिकटवतो, कारण वाचताच येत नाहीत. वयनी इथं एवढ्यानं हसल्या की भाऊजी पडवीतून बघायला लागले. "तुमीय पयल्यांदा उलटीच पाटी धरलेलात काय?"

मग त्या मला म्हणाल्या, "ह्यां तर पिंगुळीच्या चित्रकथीसारख्यां. पण सांगणारो खंय?"

पिंगुळी इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे सुट्या चित्रांची पोथी. सूत्रधार एकेक चित्र उभं धरतो, वाद्यांच्या साथीनं रामायण-महाभारत सांगतो, पान बदलतो. परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी घराच्या गोठ्यात त्या कलेचं संग्रहालय उभं केलंय. मी इतकी वर्षं कुडाळात राहून परदेशी चित्रकादंबऱ्यांची पार्सलं मागवते आहे, आणि ही तुलना सुचली वयनींना.

तेवढ्यात नात बाहेर आली. वयनींनी पुस्तक गडग्यावर उभं धरलं, पान तिच्याकडे केलं, आणि सुरू झाल्या. "तर असो एक चाकरमानी होतो…" त्या पांढऱ्या विचित्र प्राण्याला त्यांनी मुंगूस ठरवलं, शहराला परळ केलं, आणि उडत्या जहाजाला वेंगुर्ल्याची बोट. नातीनं फोन बाजूला ठेवला की नाही ते मला दिसलं नाही, पण सूनबाई मागच्या दारानं आत गेलेली परत पुढच्या दारात येऊन उभी होती. मी या पुस्तकाबद्दल जे काही सांगणार होते ते सांगितलंच नाही.

दिवेलागणीला सोलं आत गेली, पुस्तकंही आत घेतली. लिंबाचा पाला घालून खणात रचताना मोजली. ३७ भरली. 'द अरायव्हल' वयनींकडे, वेताळ दोन भाऊजींकडे, 'भीमायन' सुनेकडे, 'पर्सेपोलिस' नातीकडे, आणि तिच्या खोलीतला दिवा रात्री साडेबारापर्यंत चालू होता, तेही दिसलं. ही पाच झाली. सहावं 'ॲस्टेरिक्स', तेच भारतातलं, सतरंजीचं. दिवसभरात गडग्यापाशी गॅसवाला येऊन गेला, मीटरवाला येऊन गेला, भजनीबुवाही एकदा थांबले होते. कोणी नेलं ते मी विचारणार नाही. वाचून झालं की पावसाआधी गडग्यावर आणून ठेवा, वर खडा ठेवायला विसरू नका. आणि बुवांनी नेलं असेल, तर त्यांनी ठेवून घेतलं तरी चालेल.